दोन डॉक्टरांच्या गोळ्या

माझे मालक फौजेतून कायमचे घरी आले, त्या वर्षी आमच्या पेरूच्या बागेला पहिला बहार धरला होता. लासुर्ण्याला कालव्याच्या अलीकडं आमची जमीन आहे. बाग मीच उभी केली होती. खड्डे काढण्यापासून ठिबक अंथरण्यापर्यंत सगळं मी समोर उभं राहून करून घेतलेलं. हे सुट्टीवर यायचे, बागेतून एक चक्कर मारायचे, "झाडं लाईनीत हायती" एवढं म्हणायचे आणि परत जायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी बारामतीला कॉलेजात जायला लागली, पण आम्ही दोघं सलग असे एका घरात कधी राहिलोच नव्हतो. त्यामुळं हे आले तेव्हा आनंद तर होताच, पण जरा अवघडल्यासारखंही झालं होतं. आपल्या घरात आपणच नव्यानं नांदायला आल्यासारखं.

फौजेच्या सवयी काही सुटत नव्हत्या. सकाळी उठले की अंथरुणाची घडी अशी घालायचे, की तिच्यावर दुसऱ्या कुणी झोपायचं धाडसच करू नये. दारातल्या चपला ओळीनं लागायच्या. माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या पहिल्याच आठवड्यात वैतागल्या.

"आरं, माझ्या चपला कुठं नेल्यास? हितं सोडल्या व्हत्या."

"आई, तितं ओळीत हायत की. जोडीनं ठेवल्यात."

"जोडीनंच असत्यात त्या. येक चप्पल घालून कोण फिरतंय?"

मी चुलीपुढं तोंडाला पदर लावून हसायची. बरं वाटायचं. घरात पुरुषमाणसाचा आवाज असणं काय असतं, ते मला तेव्हा कळत होतं.

एकच गोष्ट होती, ह्यांची कंबर.

हे फौजेत गाडीवर होते. डोंगरातल्या रस्त्यांवर अवजड ट्रक चालवण्यात निम्मी नोकरी गेली. एकदा बर्फात सामान उतरवताना पाय घसरला आणि हे पाठीवर आपटले. ते कुणाला सांगितलंच नाही. कंबर दुखते म्हणणारा माणूस कामचुकार ठरतो, असं ह्यांचं मत. तसंच सोसत पुढं गाडी चालवली. शेवटी पाय बधिर पडायला लागला, तेव्हा तपासणी झाली आणि मणक्यातली गादी सरकल्याचं निघालं. शेवटची वर्षं मग टेबलावरच्या कामात गेली. घरी आले ते पत्र्याची पेटी आणि औषधांची एक कापडी पिशवी घेऊन.

जेवायला मांडी घालून बसता यायचं नाही. खुर्चीतही फार वेळ नाही. दुपारभर ओसरीवर फरशीला पाठ टेकून, पाय खुर्चीवर ठेवून पडलेले असायचे. पुण्याला लष्कराच्या दवाखान्यातून गोळ्या मिळायच्या. अंगदुखीला आपण आणतो तशी ती साधी गोळी नव्हती. अफूच्या जातीतलं औषध होतं ते, हे मला फार पुढं समजलं. त्या गोळीनं ठणका बोथट व्हायचा, पण झोप यायची नाही. कूस बदलली की जाग, जाग आली की कळ.

ह्यांचे एक दोस्त आहेत, भवानीनगरला. एकाच युनिटमधले. ते ह्यांच्या आधी घरी आले आणि कारखान्यावर सुरक्षारक्षक म्हणून लागले. त्यांचीही पाठ गेलेलीच. दोघं बोलायला लागले की पाठीवरच बोलायचे, जशा आपण बायका भाजीवर बोलतो. त्या भाऊजींनी एक दिवस सांगितलं, "मला बी झोप न्हवती. एका डॉक्टरनं गोळी दिली, आता दगडासारखा पडतो. चल, तुला नेतो."

दोघं जाऊन आले. डॉक्टरनं झोपेची गोळी लिहून दिली. नंतर, सगळं होऊन गेल्यावर, मी ह्यांना विचारलं होतं, "अहो, तुम्ही त्यांना आधीच्या गोळ्यांचं काहीच कसं सांगितलं नाही?"

"त्यांनी विचारलं, काय होतंय. मी म्हणलं, झोप येत न्हाय. त्यांनी तेवढंच विचारलं व्हतं."

आणि पुण्याच्या डॉक्टरांना झोपेच्या गोळीचं का सांगितलं नाही, तर तेही तसंच. त्यांनी कंबरेचं विचारलं, ह्यांनी कंबरेचं सांगितलं. फौजेत साहेबानं विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं असतं म्हणे.

सुरुवातीला आम्हाला घरात सण आल्यासारखं वाटलं. माणूस झोपायला लागला. सकाळी चेहरा मऊ दिसायला लागला. आत्यांनी देवापुढं साखर ठेवली. मला तर इतकं हलकं वाटलं, की मी बागेत छाटणीच्या बायांबरोबर गाणी म्हणायला लागले.

पण हळूहळू ती झोप दिवसातही शिरली. हे चहाची बशी हातात धरून पेंगायचे. बोलता बोलता एखादा शब्द जिभेवर रेंगाळायचा आणि पुढचं वाक्य यायचंच नाही. एकदा पाण्याची मोटार सुरू करून आले आणि विसरून गेले. खालचं सगळं रान तुंबलं. चालताना उंबऱ्याला पाय लागायचा. मुलगी फोनवर बोलली आणि नंतर मला हळूच म्हणाली, "आई, पप्पा घ्यायला लागलेत का गं?" मला राग आला. हे त्या वाटेला कधीच गेले नाहीत. मी तिला म्हटलं, "इतक्या वर्षांची झोप बाकी हाय, ती काढतायत."

आत्यांना मात्र काहीतरी खटकत होतं. दुपारी हे ओसरीवर झोपलेले असले की त्या शेजारी वाती वळत बसायच्या. एक दिवस मला म्हणाल्या, "ह्याचं घोरणं मधीच थांबतं गं. मी हात थांबवून बसती. कवा पुन्हा सुरू व्हतंय त्याची वाट बघती."

"थकलेत आत्या," मी म्हटलं.

"थकल्यालं माणूस असं न्हाय घोरत," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा वाती वळायला लागल्या.

पेरूचा पहिला तोडा झाला. माल चांगला गेला. आमचं कुलदैवत नरसिंह, म्हणून नरसिंहपूरला जाऊन पहिली फळं देवाला वाहायची असं ठरलं. आत्यांचे गुडघे धरले होते, त्या घरीच राहिल्या. भाऊजी म्हणाले, माझी जीप आहे, मी नेतो. रविवारचा दिवस होता. मी पुरणपोळ्या केल्या, पेरूंची करंडी भरली आणि आम्ही तिघं निघालो.

जीपचा प्रवास म्हणजे ह्यांच्या कंबरेची परीक्षाच. इंदापूर मागं पडलं तसे हे सीटला धरून अर्धवट उभे राहायला लागले. घरातून निघतानाच कंबरेची एक गोळी जास्तीची घेतली होती, रस्त्यासाठी म्हणून. ते मला ठाऊक नव्हतं. देवळात पोचलो तेव्हा चेहरा पांढरा पडलेला, पण दर्शन सगळं नीट झालं. पायऱ्या हे एकटे चढले, हात धरू दिला नाही. देवापुढं पेरू ठेवताना मला म्हणाले, "तू ठेव. बाग तुझी हाय." पुजारी बघत होते, मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

मग भीमा-नीरेच्या संगमाजवळ झाडाखाली आम्ही जेवायला बसलो. वारं छान होतं. नदीला पाणी होतं. ह्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या, दुधाबरोबर. परतीच्या रस्त्याची धास्ती असणार, कंबरेत पेटकाही आलेला, म्हणून खिशातून झोपेची गोळी काढून तीही घेतली. ती मी पाहिली, पण जरा पडतील, बरं वाटेल, असंच मला वाटलं. हे सतरंजीवर आडवे झाले. भाऊजी जीपमध्ये पाय पसरून पडले. मी डबे घेऊन घाटावर गेले.

डबे घासले, पाय पाण्यात सोडून थोडी बसले, तिथं आलेल्या एका बाईशी बोलले. तिचं माहेर आमच्याच बाजूचं निघालं. परत आले तर हे तसेच पडलेले. ओठावर माशी बसली होती आणि ओठ हलत नव्हता. मी माशी वारली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की ओठांचा रंग जांभळाच्या डागासारखा झालाय.

"अहो," मी म्हटलं. "अहो, उठा."

काही नाही. मी खांदा हलवला. गालावर मारलं. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला मारलं, आणि जोरात मारलं. डोळे किंचित उघडले, बुबुळांचे ठिपके अगदी बारीक, टाचणीच्या टोकाएवढे. परत मिटले. घशातून एक घरघर आली. मग काहीच नाही. मी माझाच श्वास धरून बसले. फार वेळानं दुसरी घरघर आली.

मी जे ओरडले ते नदीच्या पलीकडं गेलं असेल. भाऊजी धावत आले. घाटावरचे दोघं-तिघं आले, सगळ्यांनी मिळून ह्यांना जीपमध्ये मागं घातलं. मी मागं बसले, ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर, हनुवटी वर धरलेली. भाऊजींनी गाडी अशी काढली की पेरूंची रिकामी करंडी तिथंच राहिली.

वाटेत एक दवाखाना लागला, रविवारचा बंद. तिथं थांबलोच नाही. मी सारखी सांगत होते, "भाऊजी, श्वास न्हाय... आता आला... आता पुन्हा न्हाय." रडायचंसुद्धा सुचत नव्हतं. आणि तेव्हा भाऊजी स्टिअरिंग न सोडता, मान न वळवता, एकदम फौजी आवाजात गरजले, "हवालदार! साँस लो!"

ह्यांच्या छातीत हालचाल झाली. एक लांब श्वास आत गेला.

मी थक्क झाले. "आला," मी ओरडले. "भाऊजी, घेतला!"

"साँस लो! जवान! साँस लो!"

पुन्हा एक. कुठल्या खोल जागी जाऊन पोचत होता तो हुकूम कोण जाणे. मी हाक मारत होते तेव्हा हलले नाहीत, पण हुकूम पाळत होते. मग मीही तसंच करायला लागले. मला हिंदी धड येत नाही, पण त्या रस्त्यावर मी माझ्या नवऱ्याला साहेबासारखी ओरडत होते, "साँस लो! साँस लो!" रस्त्याकडेला ऊसतोडीच्या गाड्या उभ्या होत्या. ती माणसं आमच्याकडं बघत राहिली. असे आम्ही दोघं आळीपाळीनं ओरडत इंदापुरापर्यंत आलो.

दवाखान्यात गेल्या गेल्या ऑक्सिजन लावला. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि लगेच विचारलं, "कुठल्या गोळ्या घेतात?" मी कापडी पिशवी आणली होती. ह्यांच्या खिशातली पट्टीही काढून दिली. दोन्ही बघून ते नर्सला काहीतरी म्हणाले. तिनं शिरेतून इंजेक्शन दिलं, आणि थोड्या वेळात हे असे जागे झाले, जसं कुणीतरी पाण्यातून वर ओढून काढावं. डोळे मोठ्ठे उघडले. सगळीकडं बघितलं. मला म्हणाले, "डबे घेतलेस का?"

मी तेव्हा रडले.

मला वाटलं, झालं, आता घरी न्यायचं. पण डॉक्टर म्हणाले, "घाई करू नका. ह्या इंजेक्शनाचा असर आधी उतरतो, पोटातल्या गोळीचा नंतर. पुन्हा गुंगी येईल. आणि झोपेच्या गोळीवर हे इंजेक्शन चालत नाही." तसंच झालं. डोळे पुन्हा जड व्हायला लागले. दुसरं इंजेक्शन दिलं आणि ॲम्ब्युलन्सनं बारामतीला पाठवलं. भाऊजी जीप घेऊन मागोमाग आले. लासुर्ण्याच्या फाट्यावरून, आमच्या स्वतःच्या घराच्या रस्त्यावरून ती गाडी वाजत गेली. मागच्या काचेतून मी बघितलं, पानाच्या टपरीवर नेहमीची माणसं बसली होती. त्यांना काय माहीत आत कोण आहे.

बारामतीच्या दवाखान्यात एक डॉक्टरबाई होत्या, माझ्याहून लहान, पण बोलणं शांत. संध्याकाळी हे जरा स्थिर झाल्यावर, धावत आलेल्या मुलीला ह्यांच्यापाशी ठेवून, त्यांनी मला आणि भाऊजींना समोर बसवलं. त्यांनी सांगितलं ते मी अजून तसंच्या तसं सांगू शकते, कारण ते मला पुढं अनेकांना सांगावं लागलं.

त्या म्हणाल्या, "दुखण्याची ही जी गोळी आहे, ती मेंदूला शांत करते. त्यात श्वासही मंदावतो. झोपेची गोळीही मेंदूला शांत करते, त्यातही श्वास मंदावतो. एकटी एकटी असली तर बहुतेक वेळा शरीर सांभाळून घेतं. दोन्ही एकत्र आल्या, की माणूस इतका गाढ जातो की श्वास घ्यायचंच विसरतो. त्याला गुदमरल्यासारखंसुद्धा वाटत नाही. घरच्यांना वाटतं, छान झोपलाय."

मला आत्यांच्या वाती आठवल्या.

"मग ती दुसरी गोळी चुकीची होती का?" मी विचारलं.

"ज्यांनी लिहून दिली, त्यांना पहिली माहीत नव्हती. पहिलीवाल्यांना दुसरी माहीत नव्हती. आणि आज पेशंटनं स्वतःच्या मनानं एक जास्तीची घेतली." त्यांनी कुणाला बोल लावला नाही. "पाठीच्या दुखण्यात हे होतं. दुखतं म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून जास्त दुखतं, मग माणूस दोन्हीकडं औषध शोधतो. फौजेतल्या माणसांना सोसायची सवय असते, त्यामुळं ते बोलतही नाहीत."

बाहेर व्हरांड्यात आलो तसे भाऊजी बाकावर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून खाली बघत राहिले. मला वाटलं, झोपेच्या डॉक्टरकडं त्यांनीच नेलं होतं, त्याचं मनाला लागलं असेल. मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्यामुळं आज ह्यांचा श्वास चालला. मनाला लावून घेऊ नका."

ते म्हणाले, "ते न्हाय, वहिनी." "मी बी दोन्ही घेतो. तीच कंबरेची, आणि तीच झोपेची. गाडी चालवत व्हतो तवा माझ्या बी पोटात व्हती सकाळची गोळी."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. एवढा धिप्पाड माणूस, ज्याच्या आवाजानं माझा नवरा परत आला, तो लहान मुलासारखा बसला होता.

"उठा," मी म्हटलं. "आत चला. डॉक्टरबाई अजून गेल्या न्हायत."

"आता नको. ह्याचं होऊ दे आधी."

"आत्ताच," मी म्हटलं. दिवसभर हुकूम देऊन माझ्या आवाजाला तशी सवय लागली असावी. ते उठले आणि माझ्या मागून आत आले.

डॉक्टरबाईंनी त्यांचंही सगळं ऐकून घेतलं. भाऊजी तिथल्या तिथं म्हणाले, "आजपासून दोन्ही बंद." त्यावर बाईंनी हात वर केला. "असं अजिबात करायचं नाही. अंगाला सवय झालेली असते. एकदम सोडलं तर त्याचाही जीवघेणा त्रास होतो, झटके येऊ शकतात. मी सांगेन तसं, हळूहळू कमी करायचं. आणि तोवर ही गाडी चालवणं बंद." तेव्हा जीपची किल्ली भाऊजींनी माझ्या हातात दिली. मला काय गाडी येत नव्हती, पण मी ती घेतली. भाऊजींना त्यांच्या पुतण्यानं येऊन घरी नेलं.

त्यानंतरचे महिने सोपे गेले असं मी म्हणणार नाही. पुण्याच्या डॉक्टरांना सगळं कळवलं, तिथल्यांनी आणि बारामतीच्या बाईंनी मिळून ठरवलं, आणि गोळ्या थोड्या थोड्या उतरत गेल्या, आधी एक, मग दुसरी. अंगाला घाम सुटायचा, पाय वळवळायचे, माणूस चिडचिडा झाला. एकदा भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ह्यांनी ताट ढकललं. लग्न झाल्यापासून असं कधी केलं नव्हतं. मी बागेत निघून गेले. परत आले तर ह्यांनी घरातली सगळी भांडी घासून उन्हात ओळीनं उपडी घातली होती, पातेली वेगळी, वाट्या वेगळ्या. आत्या म्हणाल्या, "दुपारधरनं उभा हाय. मी म्हणलं ऱ्हाऊ दे, तर ऐकना."

उभं राहून काम केलं तर ह्यांना बरं वाटतं, हे आम्हाला त्या दिवशी समजलं. बारामतीला व्यायाम शिकवणाऱ्या ज्या ताई होत्या, त्यांनीही तेच सांगितलं, पडून राहू नका, पण वाकूही नका. मग आम्ही गावातल्या वेल्डरकडून ह्यांच्या कंबरेच्या उंचीचं एक लोखंडी टेबल करून घेतलं. पेरू निवडणं आणि पेटी भरणं हे ह्यांचं खातं झालं. आमच्या पेट्या उघडल्या की फळं शाळेतल्या प्रार्थनेला उभी असल्यासारखी दिसतात. इंदापूरच्या मार्केटला आडते विचारतात, कुणी भरली.

सकाळी कालव्याच्या कडेनं चालायचं, आल्यावर चटईवर व्यायाम. पाय एकेक करून वर, पोट आवळून धरायचं, मांजरासारखी पाठ करायची. आत्या खुर्चीत बसून आपले गुडघे सरळ करत राहायच्या. "तुझ्यापेक्षा माझा पाय वर जातोय," म्हणायच्या. झोप हळूहळू परत आली. पहिल्यासारखी गडप होणारी नव्हे, साधी झोप, मध्येच जाग येणारी, पाणी पिऊन पुन्हा लागणारी. कंबर अजून दुखते. काही दिवस फार दुखते. तेव्हा गरम पाण्याची पिशवी, एखादी साधी गोळी, आणि माझ्याशी बोलणं. आता हे सांगतात, आज किती दुखतंय ते. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला कसंतरीच झालं. कितीतरी वर्षांची जुनी दुखणी एकदम ऐकल्यासारखं वाटलं.

भाऊजींना जास्त वेळ लागला. एकदा त्यांनी गोळी पुन्हा वाढवली होती, मग स्वतःच बाईंकडं जाऊन सांगून आले. आता ते बरे आहेत. माजी सैनिक कुठं जमले, की भाऊजी विचारतात, "कोण कोण कंबरेची खातो? आणि झोपेची?" आधी कुणी हात वर करत नाही. मग हे दोघं आपलं सांगतात, आणि मग बोलणी सुरू होतात. लोक आपापल्या पट्ट्या खिशातून काढून दाखवायला लागतात. आमची ओसरी त्या बोलण्यांनी कितीदा भरली. मी चहा टाकत ऐकत असते.

व्यायामाच्या ताईंनी एक दिवस सांगितलं, पाण्यात शरीराचं वजन पाठीवर येत नाही, पोहता येत असेल तर पोहा. हे लहानपणी आमच्याच विहिरीत पोहायला शिकलेले. पण आता मी ह्यांना एकट्यानं पाण्यात उतरू देईना. एवढं सगळं पाहिल्यावर माझा धीर होत नव्हता. डॉक्टरबाईंनी हरकत नाही म्हणून सांगितलं, तरी मी पायऱ्यांवर पहारा करत बसायची. हे पाण्यात उताणे पडायचे, कान पाण्याखाली, तोंड तेवढं वर, आणि कंबरेचं सगळं ओझं पाण्यावर टाकून द्यायचे. मी छातीकडं बघत बसायची.

"सारखी काय बघतीस?" एकदा हे म्हणाले.

"काही न्हाय."

"येतीस का?"

"मला पवता येत न्हाय."

"म्हणून तर म्हणतोय."

मी हसून उडवून लावलं. एवढ्या वयात, गावात, बायकामाणसानं विहिरीत? पण हे ऐकेनात. दुसऱ्या दिवशी औषध फवारणीसाठी आणलेला नवा कोरा कॅन धुऊन, झाकण घट्ट लावून, सुती पट्ट्यानं माझ्या पाठीला बांधला. मी मुलीचा जुना पंजाबी ड्रेस घातला होता. आत्या काठावर बसल्या होत्या, कुणी येतंय का बघायला, आणि कुणी आलं तर शिव्या द्यायला.

पाणी गार होतं. पहिले काही दिवस मी पायरीचा दगड सोडलाच नाही. ह्यांचा हात माझ्या पाठीखाली असायचा. "मान सैल सोड," म्हणायचे, "पाणी धरतंय तुला." माझ्या नाकातोंडात पाणी जायचं, मी ह्यांना दोष द्यायची, आत्या वरून हसायच्या. गावातल्या बायकांना कळायचं ते कळलंच. दोघी-तिघींनी टोमणे मारले, आणि त्यांतलीच एक नंतर हळूच विचारून गेली, मलाही शिकवाल का.

ह्या उन्हाळ्यात कॅन बांधायचं सुटलं. एका दुपारी मी दगड सोडला, पाय मारले आणि समोरच्या भिंतीला जाऊन हात लावला. वळून बघितलं तर हे पाण्यात उभे राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते, आणि त्या नादात स्वतःच बुडायला लागले होते. वरून आत्या ओरडल्या, "आरं, तू पव आधी!" आम्ही दोघं पायरी धरून इतके हसलो, की माझ्या पोटात दुखायला लागलं. मग अंग पुसून, ओल्या केसांनीच, आम्ही बागेत गेलो. खालच्या वाफ्यातल्या झाडांना पाणी द्यायचं राहिलं होतं.